शिवराईला भोक पाडण्याआधी

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

श्री. दत्तोबा यांस,

अक्षर ओळखलं असेल तर पाकीट फाडण्याआधी जरा थांबावं. अठरा वर्षांत मी आपल्याला एक ओळ लिहिली नाही आणि आपणही... छे, हे अहो-जाहो मला झेपत नाही. एका बशीत चहा ओतून प्यायलेली माणसं आपण. मी तुला तूच म्हणतो. राग आला तर आधीच्या रागात भर घाल, जागा असेलच.

कामाचं आधी विचारतो. त्या शिवराईला भोक पाडलंस का?

परवा रविवारी नाण्यांच्या प्रदर्शनात तुझी नात भेटली, अवनी. तुझी नात हे मला नंतर कळलं. मी एका ओळखीच्याच्या स्टॉलमागे खुर्ची टाकून बसलो होतो. हल्ली मला तिथं शोभेला बसवतात. ती आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही जुने कलेक्टर ना? हे जरा बघता का?" तिनं पर्समधून काढलेलं पाकीट मी लगेच ओळखलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचं, मी घडी घालायचो तसं. वर माझंच अक्षर. 'शिवराई. ओतीव. बनावट. – रं.'

"हे रं कोण असतील?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "असेल कुणीतरी. तेव्हा पुष्कळ जण होते."

मग ती सांगत बसली. कात्रजहून खराडीला रोज स्कूटरवर जाते, ऑफिसात बसते आणि सुट्टीच्या दिवशी नाणी. आजोबांच्या ट्रंकेत ही पाकिटं सापडली. आजोबा म्हणाले, हे खोटंच आहे, तुला आवडलंय तर भोक पाडून गळ्यात घाल. सोळा तारखेला सराफाकडे द्यायचं ठरलंय. "पेंडंट मस्त दिसेल, काका. सध्या ट्रेंड आहे." पोरगी हुशार आहे, पण बोलते फार. तुझ्यावर गेलेली नाही.

दत्तोबा, भोक पाडू नकोस. का म्हणून विचारशील. जुन्या माणसाची नजर चुकू शकते, म्हणून. एकदा पुन्हा भिंगाखाली बघावं म्हणतो, दुसरं काही नाही.

प्रदर्शन तू ओळखणार नाहीस. कुणी नाण्याला बोट लावत नाही. नाणी प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर दर्जाचा छापील आकडा. पोरं नाणं बघतच नाहीत, आकडा बघतात. एक जण मोबाइलसमोर उभा राहून ओरडत लिलाव करत होता आणि नागपूर-नाशिकची माणसं घरबसल्या बोली लावत होती. एक बाई पाच रुपयांचं नाणं घेऊन आल्या होत्या. ह्याचे पाच लाख मिळतात असं त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं. मी म्हणालो, बाई, ह्याचे पाच रुपये मिळतात, तेही वाण्यानं घेतलं तर. त्या माझ्यावरच रागावल्या.

तुला फोन केला होता. माझं 'हॅलो' ऐकून तू ठेवलास. म्हणून हा कागद. सोळा तारखेच्या आत काय ते कळव.

रंगराव


शनिवार, ८ फेब्रुवारी

दत्तोबा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी तीन दिवस पेटीपर्यंत हेलपाटे घातले. सोसायटीचा वॉचमन विचारायला लागलाय, "काका, कुणाचं लग्न ठरतंय का?"

आठ दिवस राहिले आहेत. तू अजून अडून बसला असशील तर जुनं थोडं आठवून बघ.

एकोणऐंशी साल. तू पहाटे डेअरीला दूध घालून रिकामे कॅन सायकलला लावूनच तांबट आळीत यायचास. मी कारखान्याची पाळी संपवून. मोडीच्या तांब्याचा ढीग पडलेला असायचा, फुटके हंडे, घंगाळी, आणि त्यात ढब्बू पैसे आणि शिवराया. आज ना उद्या सगळं भट्टीत जायचं. आपण दोघं फतकल मारून बसायचो. मालक ओरडायचा, "ओ, उचलायचं असेल तर उचला, तांबं तुमच्या आजीचं नाही!" तुला अक्षर फारसं लागायचं नाही, पण हातात घेतलंस की नाणं जड का हलकं ते सांगायचास आणि काटा तेच दाखवायचा. मी वर्ध्याहून आलेला, पुण्यात कुणी ओळखीचं नाही. आपल्याच गावातला असल्यासारखं तू मला पहिल्यांदा घरी नेलंस. तुझ्या आईनं वाढलेली भाकरी मला अजून आठवते.

आणि मग चौथ्या रविवारची बैठक. शाळेचा वर्ग, बाकं जोडलेली, बावीस माणसं. नाणं हातोहात फिरायचं, शेवटी माझ्याकडे यायचं. मी कारखान्यात प्लेटिंग खात्यातला, म्हणून धातूतलं मला कळतं असा सगळ्यांचा समज. मी चिठ्ठी लिहायचो आणि ती चिठ्ठी पाकिटावर कायमची. तेव्हा ना मशीन, ना डबी. माणसाचा शब्द एवढंच प्रमाणपत्र होतं. माझ्या शब्दाला केवढी किंमत होती, आठव.

तुझ्या आबांना विहिरीचा गाळ काढताना ती शिवराई सापडली होती. ती तू अठरा वर्षांपूर्वी, बैठकीआधी आठ दिवस माझ्याकडे ठेवायला दिलीस. म्हणालास, "नीट बघ, अशी दुसरी बगितली न्हाई मी." मीही बघितली नव्हती. इतकी भरीव, एकही अक्षर काठाबाहेर गेलेलं नाही. मी तिला थोडं चिंचेचं पाणी लावलं होतं. आपण सगळेच लावायचो. त्यानं कदाचित पृष्ठभाग बदलला असेल आणि माझा अंदाज चुकला असेल. हे सांगायचं राहून गेलं होतं, आता सांगितलं. तेव्हा भोक पाडू नकोस.

अवनीचा नंबर माझ्याकडे आहे. तिला दोन वाक्यांत सांगता येईल. पण आधी तुला सांगायचंय.

मघाशी द्वारका मागे येऊन उभी राहिली. "अहो, किती पानं खर्डता? त्या माणसाले सांगून टाका न एकदाचं." मी म्हणालो, तेच करतोय. ती आत गेली.

रंगराव


गुरुवार, १३ फेब्रुवारी

दत्तोबा,

तुझी चिठ्ठी मिळाली. म्हणजे चिठ्ठीचा फोटो, अवनीनं मोबाइलवर पाठवला. अक्षर तिचं, शब्द तुझे. 'तुजी दोनी पत्रं पोरीनं वाचून दावली. मला आता डोळ्यानं दिसत न्हाई. नानं खोटं हाय आसं तूच लिवलंस. मग भोक पाडाय तुजं काय जातंय?'

खाली तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली आहे. 'काका, रं म्हणजे तुम्हीच. त्या दिवशी का नाही सांगितलं?'

म्हणजे मी तिच्याबद्दल लिहिलेलं तिनंच तुला वाचून दाखवलं. अवनी, तू फार बोलत नाहीस. आणि आता जे लिहितोय तेही तुलाच मोठ्यानं वाचायचं आहे, हे मला ठाऊक आहे.  म्हणून सकाळपासून तीन कागद फाडले.

दत्तोबा, मी गप्प बसलो तर काय होईल? रविवारी भोक पडेल. भोक पडलेलं नाणं कुणी तपासायला देत नाही. माझी चिठ्ठी खरी ठरेल आणि मी मरेपर्यंत, मेल्यावरही, रंगरावांची नजर म्हणजे काय होती असं लोक म्हणतील. त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं आहे. हे मी दोन दिवस मनात घोळवलं, खोटं कशाला सांगू.

चिंचेचं पाणी नव्हतं. तेजाब होतं. कारखान्यातून चोरून बाटलीत आणायचो, पाण्यात थोडंसं घालून. नाणं बुडवायचं, दहा आकडे मोजायचे, काढायचं. शेकडो नाणी मी अशी चकाकवली. तेव्हा चकाकतं तेच चांगलं. परवा प्रदर्शनात अवनी शाळेच्या मुलांना सांगत होती, "पहिला नियम, नाणं कध्धीच धुवायचं नाही." मी मागे बसून ऐकत होतो.

तुझी शिवराई मी काचेच्या वाटीत टाकली आणि फोन वाजला. अठरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की फोन वाजला, माझा काय दोष. फोन सोलापूरच्या नाणीवाल्या वैजनाथचा होता. दोन मिनिटांचं काम. मी वीस मिनिटं बोललो. काय बोललो? "माझ्याकडे एक शिवराई आली आहे, तू जन्मात बघितली नसशील." माझ्याकडे म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही, आबांचं घेतलं नाही. तिकडे मी बढाई मारत होतो आणि इकडे वाटीतलं पाणी निळं झालं होतं. द्वारका म्हणाली, "अहो, त्याले फेस येऊन रायला." तोवर सगळ्या अंगावर बारीक खड्डे पडले होते. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर पडतात तसे.

तेव्हाच सायकल काढून तुझ्याकडे यायला हवं होतं. तू शिव्या दिल्या असत्यास, आठ दिवस बोलला नसतास, मग आला असतास. हे मला तेव्हाही कळत होतं. पण प्लेटिंग खात्यातल्या माणसानं मित्राचं नाणं तेजाबात विसरलं, हे बैठकीत कळलं असतं.

म्हणून चौथ्या रविवारी मी बावीस माणसांसमोर उभा राहून म्हणालो, ओतीव आहे, बनावट आहे, खड्डे बघा, वजनही कमी भरतंय. वजन मीच कमी केलं होतं. तू दिलंस त्या दिवशी माझ्या वहीत मी लिहिलंय, बारा ग्रॅम सहाशे. बैठकीत भरलं अकरा ग्रॅम शंभर. दोन्ही आकडे माझ्याच वहीत, समोरासमोरच्या पानांवर आहेत. वही जाळावी असं कितीदा वाटलं, हात झाला नाही.

मला वाटलं, तू एवढ्यावर गप्प बसशील. पण कुणीतरी म्हणालं, "दत्तोबा, खोटी नाणी कुठून आणता हो?" आणि एकेक जण उठला. तू ज्यांना ज्यांना नाणी दिली होतीस त्यांनी पुढच्या बैठकीला ती तुझ्यासमोर बाकावर आणून टाकली. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंग पुसत राहिलो. तू म्हणालास, "आबानं सोता गाळातनं काढलंय," आणि कुणीतरी हसलं. दीड वर्षानं आबा गेले. मी दहाव्यालाही आलो नाही. कुठल्या तोंडानं येणार?

दत्तोबा, शिवराई खरी आहे. आबा खरं बोलत होते. तू खरं बोलत होतास. भोक पाडू नकोस.

टपालानं हे रविवारच्या आत पोचायचं नाही. शनिवारी मी स्वतः घेऊन येतो. दार उघडलं नाहीस तर फटीतून सारतो.

रंगराव


सोमवार, २४ फेब्रुवारी

दत्तोबा,

काल जे झालं ते तू ऐकलंस, तरी लिहितो, कारण नऊ दिवस माझं मन त्या शनिवारपासून हललेलं नाही.

दार अवनीनं उघडलं. तू ओट्यावर खुर्चीत होतास. जिथं तुझा गोठा होता तिथं आता पार्किंग आहे. "कोन हाय?" म्हणालास.  अवनी म्हणाली, "रंगरावकाका." तू मान फिरवलीस, पण उठून आत गेला नाहीस. मी पत्र पुढं केलं. तू म्हणालास, "बोलाय आलाय का लिवाय?" मी म्हणालो, "बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलंय."

अवनी वाचायला लागली. 'माझ्याकडे एक शिवराई आली आहे' इथं ती थांबली. "आजोबा, मी नाही वाचत पुढं."

"वाच म्हनलं न्हवं?"

तिनं शेवटपर्यंत वाचलं. तू गुडघ्यावर हात फिरवलास. मग म्हणालास, "म्हंजी आबा खरं बोलत व्हता." माझ्याशी नव्हे, स्वतःशी. तुझे डोळे वाहायला लागले आणि मी तिथं उभा होतो. माझ्या आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

मला वाटलं, निदान नाणं वाचलं. तर तू म्हणालास, "उद्या सराफाकडं जायचं हाय, अवने. ठरलंय त्ये ठरलंय."

"अरे, खरी आहे ती! भोक पाडलंस तर सगळं जाईल!"

"काय जाईल? किंमत? ती तू कवाच घालवलीस." आणि मग जे बोललास ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. "खोटं म्हून पोरीला देत व्हतो, तवा जीव खात व्हता. आता खरं म्हून देतो. माज्या नातीच्या गळ्यात माज्या बापाचं खरं नानं. तुज्या डबीत घालून कुनाला दावू?"

 मी निघालो तेव्हा तू मागून म्हणालास, "आन् चौथ्या रविवारी तितं उबा ऱ्हा. जितं बोललास तितंच बोल."

उभा राहिलो. वर्ग तोच, बाकांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या. बावीसांपैकी पाच जण राहिलेत, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. बाकी सगळी तरणी मंडळी, मोबाइल हातात. तू अवनीचा हात धरून शेवटच्या रांगेत बसलेला मला दिसलास आणि माझं पाठ केलेलं सगळं विसरलं. वही उघडून दोन्ही वजनं वाचली. तेजाब, वाटी, फोन, चिठ्ठी, सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, आबांचं घेतलं. एकानं विचारलं, "काका, आता त्याला ग्रेड किती येईल?" त्याला शेजारच्यानं कोपरानं ढोसलं.

मग तनुजाबाई उठल्या, हल्ली बैठकीच्या चिटणीस. शांत बाई आहेत. म्हणाल्या, "रंगरावकाका, तुमच्या चिठ्ठ्या लागलेली नाणी पुण्यात शेकड्यांनी आहेत. लोकांनी तुमच्या शब्दावर घेतली, तुमच्या शब्दावर टाकूनही दिली. त्या सगळ्यांचं आता काय करायचं?" मी वही मिटली. 

चहाच्या वेळी माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या हातात कप कुणी दिला नाही, मी जाऊन घेतला. तू हे अठरा वर्षं सोसलंस. मला एका चहात कळलं.

जिन्यापाशी तू माझ्याजवळून गेलास. मला वाटलं, थांबशील. तू अवनीला म्हणालास, "चल गं. आयकलं." तेवढंच.

अवनी मात्र मागे राहिली. शिवराई तिच्या गळ्यात होती. मी भोक बघितलं. काठाला अगदी लागून आहे, अक्षर एकही दुखावलेलं नाही. ती म्हणाली, आजोबांनी आधी बोटानं चाचपून जागा दाखवली आणि सराफाचा हात सोडला नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही सगळं सांगितलंत. एक सोडून." आणि तुझ्यामागे जिना उतरली.

एक सोडून काय? ह्या प्रश्नानं रात्रभर डोकं खाल्लं. कारखान्यातून तेजाब चोरून आणायचो ते? तेही लिहिलंय. आज सकाळी तिन्ही पत्रांच्या कार्बनप्रती काढून बसलो. चिंच, तेजाब, फोन, वजनं, आबांचा दहावा. नाणं वाचव, भोक पाडू नकोस, हे प्रत्येक पत्रात. माझी नजर, माझा शब्द, माझी चिठ्ठी, हे तर पानोपानी. काल बैठकीतही दहा-बारा मिनिटं बोललो. सगळं तपासलं. तेवढा एक शब्द कुठंच नाही.

दत्तोबा, मला माफ कर.

अवनी, ही ओळ जरा मोठ्यानं वाच.

रंगराव